उशिरा निघालेल्यांची विज्ञानवाट



शिष्यवृत्तीचा कोणताही छापील अर्ज हातात घेतला, तर नावाच्या ओळीखाली जन्मतारखेचा रकाना असतो आणि बहुधा त्याच पानाच्या तळाशी कमाल वयाची अट असते. अठरा-एकोणीस वर्षांचा विद्यार्थी हा रकाना डोळे मिटून भरतो. परंतु कधी कधी अर्ज घेणारा अर्जदार पस्तिशीचा असतो. त्याने पंधरा वर्षांपूर्वी पदवी घेतलेली असते, वडिलांच्या दुकानात किंवा एखाद्या कचेरीत उमेदीची वर्षे घातलेली असतात, घरी दोन मुले शाळेत जाणारी असतात. त्याला आता विज्ञान शिकावयाचे असते. अट वाचून तो अर्ज घडी करून खिशात ठेवतो आणि पुन्हा कोणापाशी हा विषय काढत नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा अर्जदार आहे.

घरातील वडीलधारी माणसे त्याला तीन प्रश्न विचारतात: किती वर्षे लागतील, किती पैसे लागतील आणि पुढे काय? हे प्रश्न चुकीचे नाहीत. ज्या घराने काटकसरीने दोन पिढ्यांत काही उभे केले, त्या घराला हे विचारण्याचा अधिकार आहे. त्यांना ‘आवड असली की मार्ग सापडतो’ अशा उत्तराने वाटेला लावणे हा प्रामाणिकपणा नव्हे. म्हणून ज्यांनी ही वाट खरोखर तुडवली, त्यांच्या चरित्रांतील हिशेब प्रथम पाहणे उचित होईल. त्यातही जमेची बाजू तेवढी न वाचता खर्चाची बाजूही वाचली पाहिजे.

डॉ. सालिम अली यांचे नाव पक्षिशास्त्राशी इतके एकरूप झाले आहे की, हा मनुष्य एके काळी धंद्यात अपयशी ठरलेला तरुण होता, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि मामांनी त्यांना वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली एक पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कार्यालयात गेला आणि तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला भुसा भरलेल्या पक्ष्यांचे कपाट उघडून दाखवले, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु त्या कथेनंतरची वीस वर्षे सहसा कोणी सांगत नाही. महाविद्यालयाचे पहिलेच वर्ष जड गेले, विशेषतः गणित. शिक्षण सोडून ते १९१४ मध्ये ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या धंद्याकडे गेले. तेथे टंगस्टनच्या खनिजाचा आणि लाकडाचा व्यवहार होता. भोवती घनदाट अरण्य होते, आणि धंद्यापेक्षा अरण्यातच त्यांचे मन अधिक रमत असे. धंदा काही केल्या बसला नाही.

१९१७ मध्ये ते मुंबईस परतले, तेव्हाचा प्रसंग विशेष मननीय आहे. घराण्याच्या अपेक्षेप्रमाणे त्यांनी दावर यांच्या वाणिज्य महाविद्यालयात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र यांचे वर्ग सुरू केले. त्याच सुमारास सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांनी या तरुणाची खरी ओढ ओळखली आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवले. मग सकाळी जमाखर्च आणि त्यानंतर प्राणिशास्त्र असा दुहेरी क्रम चालू झाला. एका दिवसात दोन शाळा! घर सांभाळून विज्ञान शिकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला हे वेळापत्रक ओळखीचे वाटेल. प्राणिशास्त्राचा तो अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला. तथापि विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्यापाशी नव्हती, आणि पदवीअभावी सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळू शकली नाही.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. प्रेक्षकांना कपाटे दाखवीत माहिती सांगणे, हे त्या नोकरीचे स्वरूप. तिशी गाठलेल्या विवाहित माणसाने अशी नोकरी घट्ट धरून ठेवावी, हे व्यवहाराला धरून झाले असते. परंतु लवकरच त्यांच्या ध्यानी आले की, शास्त्रीय पद्धतीचे शिक्षण घेतल्यावाचून आपण जन्मभर हौशीच राहू. त्यांनी रजा घेतली आणि ते जर्मनीस गेले. बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान हे त्या काळचे अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ होते. त्यांच्या हाताखाली सालिम अली यांनी नमुने तपासण्याची, मोजण्याची, वर्गवारी लावण्याची विद्या घेतली. तिशी ओलांडलेला हा विद्यार्थी तेथे आपल्याहून लहान संशोधकांच्या शेजारी बसून शिकला. सालिम अली पुढे आयुष्यभर स्ट्रेझमान यांना आपले गुरू म्हणत राहिले.

आता खर्चाची बाजू. १९३० मध्ये ते परतले, तेव्हा वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागाच निधीअभावी रद्द झालेली होती. जर्मनीचे शिक्षण हाती, वय तेहतीस, आणि उत्पन्न शून्य! अशा वेळी पत्नी तेहमिना यांनी काय केले, हे नीट पाहावे. त्यांनी ‘आता तरी धंद्यात लक्ष घाला’ असे म्हटले नाही. मुंबईतील खर्च परवडेना म्हणून हे जोडपे अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. तेथे पावसाळ्यात जवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बेकारीतील त्या महिन्यांत सालिम अली यांनी ती घरटी रोज निरखली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडल्यास ताबा घेते. मग नर ते पूर्ण करून शेजारी दुसरे घरटे विणावयास घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. हा क्रम त्यांनी प्रथमच पद्धतशीर मांडला, आणि त्या निबंधाने त्यांना शास्त्रज्ञ म्हणून ओळख मिळवून दिली. बर्लिनमध्ये शिकलेली शिस्त नसती, तर हीच घरटी पाहून एक रम्य लेख झाला असता, शोधनिबंध झाला नसता.

पुढे हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांच्या पाहणीचे काम निघाले. सालिम अली यांनी मानधन मागितले नाही. प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च संस्थानाने सोसावा, एवढीच त्यांची अट होती. तेहमिना छावणीची सारी व्यवस्था पाहत. त्रावणकोर, कोचीन व इतर संस्थानांच्या पाहण्या याच रीतीने झाल्या. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले ते १९४१ मध्ये, म्हणजे लेखकाच्या वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आणि ते पाहावयास तेहमिना हयात नव्हत्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले होते. डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पूर्ण झाला, तेव्हा सालिम अली सत्तरी ओलांडून गेले होते. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. ज्याला सरकारी खात्यात जागा नाकारली गेली, त्याला विद्यापीठांनी सन्मान्य डॉक्टरेट दिल्या. हा सन्मान फार उशिरा आला आणि त्याआधीची बरीच वर्षे एका स्त्रीच्या समंजसपणावर निभावली, हे विसरून हे चरित्र सांगता येणार नाही.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचा मार्ग निराळा. त्यांना पदवीची उणीव नव्हती; १९०७ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून एम. ए. झाले. त्या काळी भारतीय तरुणाला विज्ञानावर पोट भरता येईल अशी जागाच जवळजवळ नव्हती. इंग्लंडला जावे, तर प्रकृती साथ देणार नाही असे वैद्यकीय मत पडले. म्हणून त्यांनी सरकारी अर्थखात्याची परीक्षा दिली, पहिला क्रमांक मिळवला आणि कलकत्त्यास साहाय्यक महालेखापाल म्हणून ते रुजू झाले. हिशेब तपासणे हे त्यांचे काम. एके दिवशी बहुबाजार रस्त्यावर त्यांना ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ अशी पाटी दिसली. डॉ. महेंद्रलाल सरकार या वैद्यकाने लोकांकडून देणग्या गोळा करून १८७६ मध्ये उभारलेली ती संस्था. इमारत होती, उपकरणे होती, वापरणारे हात मात्र फारसे नव्हते. रामन यांनी परवानगी मिळवली आणि पुढे कचेरीच्या आधी व नंतर ते तेथे प्रयोग करू लागले. तारांची कंपने, वाद्यांचा ध्वनी हे त्यांचे त्या काळचे विषय. निबंध ‘नेचर’ आणि ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये छापले जात. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला आणि नंतर आपल्या नागपूरला झाली. तेथे प्रयोगशाळा नव्हती, म्हणून राहत्या घरातच त्यांनी प्रयोगांची मांडणी केली. १९११ मध्ये ते पुन्हा कलकत्त्यास आले.

दहा वर्षे असा दुहेरी संसार चालला. १९१७ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडून कलकत्ता विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे पालित प्राध्यापकपद स्वीकारले, तेव्हा पगारात मोठी घट झाली. सरकारी सेवेत ते फार वरच्या पदाला गेले असते, यात शंका नाही. परंतु येथे रामन यांच्या त्यागापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हे आसन निर्माण झाले होते तारकनाथ पालित या बॅरिस्टरांच्या देणगीतून. तिला अशी अट जोडलेली होती की, नियुक्त प्राध्यापकाने परदेशी जाऊन प्रशिक्षण घ्यावे. रामन यांनी त्यास नकार दिला. तेव्हा कुलगुरुपद भूषवलेल्या सर आशुतोष मुखर्जी यांनी अटीचे पान पुढे करून अर्ज परत पाठवला नाही, तर ती अट शिथिल करवून घेतली. त्यानंतर अकरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, बहुबाजारातील त्याच देणग्यांच्या इमारतीत रामन परिणामाचा शोध लागला आणि १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दानपत्रातील एक ओळ बाजूला ठेवण्याचा विवेक त्या वेळी कोणी दाखवला नसता, तर ही कथा कशी घडली असती, याचा विचार दान देणाऱ्या प्रत्येक संस्थेने अवश्य करावा.

स्त्रियांच्या बाबतीत ‘उशीर’ या शब्दाचा अर्थच वेगळा होतो. त्यांचा उशीर बहुधा इतरांनी केलेला असतो. डॉ. रखमाबाई यांचा जन्म १८६४ मध्ये मुंबईत झाला आणि विवाह अकराव्या वर्षी. पतीच्या घरी नांदावयास जाण्यास त्यांनी नकार दिला, त्यावरून १८८४ मध्ये पतीने खटला भरला, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगा’ असा निवाडा दिला. त्यांनी तुरुंगवासाची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. ऐन तारुण्यातील चार वर्षे न्यायालयाच्या पायऱ्यांवर गेली. त्यानंतर १८८९ मध्ये, हितचिंतकांनी उभारलेल्या निधीच्या आधारे, त्या लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना त्यासाठी प्रोत्साहन दिले होते. १८९४ मध्ये त्या उत्तीर्ण झाल्या, तेव्हा तिशीला पोहोचल्या होत्या. मायदेशी परतून त्यांनी सुरत आणि राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत आपल्या सेवेची वर्षे वेचली. त्यांचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. पुढे ज्या सोसायटीने सालिम अलींना हात दिला, तीच ही सोसायटी.

आणखी एक मार्ग आहे, ज्यात नोकरी सुटत नाही आणि पदवीही वाढत नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९०५ मध्ये डहाणूस जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि १९२९ मध्ये बी. एस्सी. झाले. त्यापुढचे शिक्षण त्यांनी घेतले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते देवळालीला शाळामास्तर होते. फळा, खडू, तपासावयाच्या वह्या आणि उरलेल्या वेळात संख्या. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत. समजा, ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून ५४३२ आणि चढत्या क्रमाने २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. यापुढे कितीही वेळा केले तरी ६१७४ हीच संख्या येत राहते, आणि आरंभीची संख्या कोणतीही असली तरी जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथेच पोहोचावे लागते. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले. आपल्याकडील अनेक गणितज्ञांनी याकडे करमणूक म्हणून पाहिले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाला देवळालीच्या मास्तरांचे नाव कळले. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. आज ‘कापरेकर स्थिरांक’ हा शब्द गणिताच्या पुस्तकांतून आढळतो. या मार्गात घराला कोणतीही झळ लागत नाही. पण मान्यतेची हमीही नाही. ज्याला मान्यतेवाचून काम करता येते, त्याच्यासाठीच हा मार्ग आहे.

ही सारी जुन्या काळची माणसे झाली. आजच्या अर्जदाराचे काय? येथे स्वच्छ हिशेब मांडणे भाग आहे, कारण विज्ञान हे आता पूर्वीपेक्षा अधिक संघटित झाले आहे आणि नुसत्या तळमळीवर प्रयोगशाळेचे दार उघडत नाही.

समजा, पस्तीस वर्षांचा वाणिज्य पदवीधर पदार्थविज्ञान शिकू इच्छितो. बारावीला विज्ञान नव्हते, म्हणून आरंभ तेथून. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत बारावीचे विज्ञान विषय कोणत्याही वयात देता येतात. वरची वयोमर्यादा नाही. त्यात एक-दोन वर्षे. मग बी. एस्सी.ची तीन किंवा चार, एम. एस्सी.ची दोन, आणि पीएच. डी.ची किमान तीन, प्रत्यक्षात पाच. बेरीज अकरा-बारा वर्षे होते. सत्तेचाळिसाव्या वर्षी हाती पदवी येईल; परंतु वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांत कनिष्ठ शास्त्रज्ञाच्या पदाला वयाची मर्यादा सर्वसाधारणपणे बत्तीस आहे, आणि मोठ्या राष्ट्रीय संस्थांत साहाय्यक प्राध्यापक निवडताना उमेदवार पस्तिशीच्या आतील असावा अशी अपेक्षा असते. हा हिशेब कोणी आधी सांगितला नाही, म्हणून कितीजण मध्यावर थांबले असतील! तो आरंभीच सांगणे यातच खरे हित आहे.

हिशेब इतका कठोर असला, तरी सारी दारे बंद नाहीत. कोणती उघडी आहेत, हे पाहताना मागचे आयुष्य कोरे समजू नये. जो बी. एस्सी. होऊन दुकानात बसला, त्याला पुन्हा बारावीपासून निघावयाचे नाही. आय. आय. टी. व अन्य संस्थांतील एम. एस्सी.साठीची ‘जॅम’ परीक्षा आणि अभियांत्रिकी-विज्ञानाची ‘गेट’ परीक्षा यांना वयाची कमाल अट नाही. विज्ञान विषयांच्या ‘नेट’ परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीसाठी तीस वर्षांची मर्यादा आहे, स्त्रियांना आणि काही प्रवर्गांना पाच वर्षांची सवलत आहे; परंतु साहाय्यक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी मर्यादा मुळीच नाही. चाळिशीतील माणूस नेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात शिकवू शकतो. ही शिष्यवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे, म्हणजे तिशीच्या आतील विवाहित पदवीधरालाही तिच्यावर संसार ओढता येईल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच. डी. करण्यास मुभा दिली आहे. मालकाचे ना-हरकत पत्र तेवढे हवे. रामन यांना कचेरीच्या आधी पहाटे जे करावे लागले, ते आज नियमात बसवून करता येते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची कमाल वयोमर्यादाही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली.

ज्या स्त्रियांचे विज्ञान संसारात खंडित झाले, त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये स्वतंत्र योजना आरंभली. आज ती ‘वाइज-किरण’ या नावाने चालते. तिच्यातील पीएच. डी.ची पाठ्यवृत्ती २७ ते ४५ वयापर्यंत आणि पुढील संशोधनाची ६० पर्यंत खुली आहे. ज्या घरांतील सुना एम. एस्सी. आहेत आणि त्यांची प्रमाणपत्रे कपाटाच्या वरच्या खणात आहेत, त्या घरांनी ही माहिती एकदा जेवणाच्या वेळी काढावी.

विषय निवडताना आपल्या अनुभवाला जेथे मोल आहे, तेथे जावे. दहा वर्षे हिशेब पाहिलेल्याला संख्याशास्त्राची भाषा लवकर येते. शाळेत शिकवणाऱ्याला विज्ञानशिक्षणाचे संशोधन हा उत्तम मार्ग आहे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून हेच काम करीत आहे आणि तेथे त्या विषयात पीएच. डी. करता येते. औषधांच्या किंवा रसायनांच्या व्यापारातील विज्ञान पदवीधर पेटंट अभिकर्त्याची परीक्षा देऊ शकतो. तिला विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि किमान एकवीस वर्षे वय लागते, कमाल वय विचारले जात नाही. पक्षी, वनस्पती, आकाश यांचे निरीक्षण तर कोणत्याही वयात आरंभता येते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आहे, आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आजही पक्षिशास्त्राचे अभ्यासक्रम चालवते.

निर्णयापूर्वी एक परीक्षा मात्र प्रत्येकाने स्वतःची घ्यावी. नोकरी वा धंदा सोडण्याआधी सहा महिने अकरावी-बारावीच्या गणिताचे पुस्तक रोज एक तास सोडवावे. उत्तरे पाठीमागे पाहू नयेत. उशिरा आलेल्या बहुतेकांची गाडी अडते ती गणितात. सालिम अली यांचीही तेथेच अडली होती, आणि पुढे त्यांनी ज्यात गणिताची गरज कमी अशी शाखा धरली. ज्यांचा हात या सहा महिन्यांत बसतो, त्यांनी ‘एनपीटीईएल’वरील आय. आय. टी.च्या प्राध्यापकांची व्याख्याने ऐकावीत. ती विनामूल्य आहेत. केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते. ज्याला सहा महिन्यांत कंटाळा आला, त्याला विज्ञानाची बातमी प्रिय होती, विज्ञानाचे काम नव्हे, एवढे कळले तरी घराचे काही लाख वाचले. दुसरी अडचण स्वभावाची. दुकानात दहा माणसे हाताखाली वागवलेल्याला प्रयोगशाळेत पंचवीस वर्षांच्या मुलाकडून ‘हे चुकले, पुन्हा करा’ असे ऐकून घ्यावे लागते. हे ज्याला जमत नाही, त्याची बुद्धी कितीही तल्लख असली तरी निभाव लागत नाही.

राहिला प्रश्न घराच्या आणि संस्थांच्या तिजोरीचा. वरील चरित्रांत पैसा कोठून आला, हे पुन्हा पाहण्यासारखे आहे. रामन यांना पालितांच्या देणगीने आसन दिले, रखमाबाईंना हितचिंतकांच्या निधीने लंडनला नेले, सालिम अलींच्या छावण्या संस्थानांच्या खजिन्यावर चालल्या. यांपैकी कोणाच्याही रकमेपुढे वयाचा रकाना आड आला नाही. तरुण विद्यार्थ्याला साहाय्य करताना चाळीस वर्षांचे फळ मिळेल अशी आशा असते, आणि प्रौढाला देताना ती वीस वर्षांवर येते, हा युक्तिवाद समितीच्या बैठकीत केला जातो. तो निराधार नाही. तरीही प्रौढ अर्जदाराविषयी समितीला अशा कितीतरी गोष्टी माहीत असतात, ज्या अठरा वर्षांच्या मुलाविषयी माहीत असणे शक्यच नाही: त्याने दहा वर्षे शब्द पाळला की नाही, घेतलेले फेडले की नाही, कष्ट केले की टाळले. शिवाय त्याला लागणारी रक्कमही वेगळी असते. त्याला पूर्ण शुल्काची गरज नसते. मुलांच्या शाळेची फी दोन वर्षे कोणी भरली, तर तो एम. एस्सी. करू शकतो. अशी मदत अर्जाच्या कोणत्याही छापील रकान्यात बसत नाही. परतफेडीच्या बोलीवर ती दिली, तर ती फिरून पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

अर्जाचे नवे नमुने छापण्यास टाकताना कमाल वयाची ओळ तेथे हवी की नको, हे विश्वस्तांनी ठरवावयाचे आहे. ती ठेवावयाचीच असेल, तर तिच्याखाली ‘विशेष प्रसंगी समिती ही अट शिथिल करू शकेल’ एवढे आणखी एक वाक्य टाकता येईल. त्याला छपाईचा वेगळा खर्च येत नाही.